वजनाचा काटा अडकतो तेव्हा व्यायामाचा हुरूप कसा टिकवावा

पहाटे साडेपाचला उठायचे, पाणीही न पिता काट्यावर उभे राहायचे आणि दिसेल तो आकडा वहीत लिहायचा, हा माझा पाच महिन्यांचा नेम होता. त्या पाच महिन्यांत मी ७८ किलोंवरून ६९.८ किलोंवर आले. त्यानंतर काटा जो अडकला, तो सलग नऊ आठवडे ६९.४ आणि ७०.३ यांच्यामध्येच घुटमळत राहिला. जेवण तेच होते, पुण्यातल्या पर्वती टेकडीची चढण तीच होती, झोपही तेवढीच होती. सातव्या आठवड्यात एका सकाळी मी काट्यावरून उतरले आणि बूट घालण्याऐवजी पुन्हा अंथरुणावर जाऊन पडले. त्या दिवशी पाऊस नव्हता आणि अंगही दुखत नव्हते; ‘एवढे करून उपयोग काय’ हा एकच विचार मनात होता. त्या आठवड्यात चार खाडे पडले.

वजन कमी करू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला अशी सकाळ येते. बहुतेकांचा व्यायाम सुटतो तोही याच टप्प्यावर, आणि दुर्दैव असे की व्यायामाची खरी गरज नेमकी इथूनच सुरू होते. या काळात हुरूप टिकवायचा असेल, तर मनाला नुसते दटावून भागत नाही. काटा का अडकला हे आधी समजून घ्यावे लागते, आणि मग व्यायामाचे मोजमाप काट्याकडून काढून दुसऱ्या कशाकडे तरी सोपवावे लागते. मी हे कसे केले आणि त्यातले काय उपयोगी पडले, ते पुढे सविस्तर लिहीत आहे.

काटा खरोखरच अडकला आहे का?

पहिली गोष्ट, दहा-बारा दिवस आकडा हलला नाही म्हणजे वजन अडकले असे समजू नये. आपले वजन एका दिवसात किलो-दीड किलोने सहज वरखाली होते. आदल्या रात्री लोणचे-पापडासह जेवण झाले असेल, तर मिठामुळे शरीरात पाणी साठते. पोट साफ झाले नसेल, मासिक पाळी जवळ आली असेल किंवा नव्या व्यायामाने मांड्या भरून आल्या असतील, तरी आकडा वाढलेला दिसतो. ही वाढ चरबीची नसते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. एवढे अधिकचे अन्न एका रात्रीत पोटात जाणे जवळपास अशक्य आहे. त्यामुळे रोजच्या आकड्यावरून काहीही ठरवू नये. सात दिवसांच्या आकड्यांची सरासरी काढावी, ती मागच्या सात दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहावी, आणि अशी सरासरी निदान चार आठवडे जागची हलली नाही, तरच वजन अडकले असे म्हणावे. स्त्रियांनी तर पाळीच्या एका चक्रातील आठवड्याची तुलना मागच्या चक्रातील त्याच आठवड्याशी करणे अधिक योग्य ठरते.

वजन अडकण्यामागे शरीराचे स्वतःचे गणित असते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत भराभर उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा बराच असतो. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. खाणे कमी होताच हा साठा उतरतो आणि पाणीही बाहेर पडते. आपण मात्र तो वेग हीच रीत समजतो आणि पुढे तशीच अपेक्षा ठेवतो. नंतर शरीर हलके होत जाते, तसा त्याचा रोजचा खर्चही घटतो. आठ किलोंचे ओझे उतरल्यावर तेवढीच चढण चढायला आधीपेक्षा कमी शक्ती लागते. त्यात भर म्हणजे चरबी कमी झाली की लेप्टिन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि भूक वाढते. नकळत हालचालही मंदावते. संध्याकाळी घरी आल्यावर आपण जरा जास्त वेळ बसून राहतो आणि खालच्या मजल्यावर दोनदा जाण्याऐवजी एकदाच जातो. खर्च उतरत उतरत एके दिवशी खाण्याच्या बरोबरीला येतो आणि काटा थांबतो. सहा-आठ महिन्यांनी असे घडणे हा शरीराचा स्वाभाविक धर्म आहे. आपल्या हातून काही चुकले म्हणून हे घडते असे नाही. हे कळल्यावर माझ्या मनावरचे निम्मे ओझे उतरले, कारण तोवर मी स्वतःलाच दोष देत होते.

अमेरिकेतील वजन घटवण्याच्या स्पर्धेवर आधारित एका दूरदर्शन कार्यक्रमातील १४ स्पर्धकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. स्पर्धा संपून सहा वर्षे झाल्यानंतरही त्यांच्या शरीराचा विश्रांतीच्या स्थितीतील खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी आढळला. ही बातमी त्या वेळी जगभर पसरली आणि वाचणारे निराश झाले. त्याच स्पर्धकांविषयी पुढच्या वर्षी जे प्रसिद्ध झाले, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्यांनी उतरलेले वजन बऱ्याच अंशी टिकवले होते, त्यांची शारीरिक हालचाल पूर्वीच्या मानाने खूपच वाढलेली होती. ज्यांचे वजन परत आले, त्यांची हालचाल त्या मानाने थोडीच वाढली होती. माझ्या दृष्टीने या साऱ्या विषयाचे मर्म इथे आहे. वजन उतरवण्याचे बरेचसे काम आहाराने होते, परंतु उतरलेले वजन परत न येऊ देण्याचे काम व्यायाम करतो. काटा स्थिर असतानाही व्यायाम हे काम बजावत असतो. काट्यावर ते दिसत नाही एवढेच.

हिशेब मांडून पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. सत्तर किलो वजनाची व्यक्ती पाच किलोमीटर चालली, तर बसून राहण्याच्या तुलनेत सुमारे २०० कॅलरी अधिक खर्च होतात. एका वडापावात त्याहून जास्त कॅलरी असतात. याचा अर्थ चालणे व्यर्थ आहे असा नव्हे. चालण्याने काटा भराभर उतरेल ही अपेक्षा चुकीच्या जागी ठेवलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपणच व्यायामाची आणि काट्याची गाठ मारून ठेवलेली असते. ती गाठ सोडवल्यावाचून या टप्प्यावर हुरूप येत नाही, असा माझा अनुभव आहे.

वजन तेच, शरीर मात्र वेगळे

आपल्याकडच्या लोकांसाठी तर काट्याचा आकडा मुळातच अपुरा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या ‘बारीक पण चरबीयुक्त’ देहाविषयी अनेक वर्षे संशोधन केले आहे. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छायाचित्रासह प्रसिद्ध केली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक नेमका २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याने दोघांना एकाच मापाने मोजले असते. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटीमीटर अशी धरली जाते. वजन न उतरताही नियमित व्यायामाने पोटातली आणि यकृतातली चरबी कमी होऊ शकते, रक्तातील साखर अधिक आटोक्यात राहते आणि रक्तदाब सुधारतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने त्या जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते, आणि हा लाभ त्याच दिवशी मिळतो.

हे पटल्यावर मी पहिले काम केले ते वहीचे. आकड्यांचे जुने पान तसेच राहू दिले आणि नवे पान काढून त्यावर चार रकाने आखले. पहिला रकाना कमरेच्या घेराचा. शिलाईच्या पेटीतली मोजपट्टी घ्यावी, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर ती पोटाभोवती आडवी, न आवळता धरावी, श्वास सहजपणे सोडून झाल्यावर माप वाचावे आणि पंधरा दिवसांतून एकदाच, सकाळी, जेवणापूर्वी मोजावे. पोट आत ओढून घेतलेले माप खोटे असते, आणि असा मोह होतो म्हणून हे मुद्दाम सांगते. दुसरा रकाना नाडीचा. सकाळी जाग आल्यावर उठून बसण्यापूर्वी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. नियमित व्यायामाने हे ठोके काही आठवड्यांत कमी होऊ लागतात. तिसरा रकाना खुर्चीचा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर हात छातीवर दुमडून बसावे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. वृद्धांच्या पायांतील बळ तपासण्यासाठी ही चाचणी वापरतात, पण ती कोणालाही करता येते. चौथा रकाना प्रत्येकाने आपल्या रोजच्या व्यायामातून निवडावा. माझा रकाना पर्वतीचा होता.

पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत, आणि त्या रुंद व उताराच्या असल्यामुळे जिन्यासारखे भरभर चढता येत नाही. प्रत्येक पायरीवर दीड-दोन पावले पडतात. सुरुवातीला मी मध्ये तीन वेळा कठड्याला टेकून उभी राहत असे. वजन अडकण्याच्या सुमारास एकदाच थांबत होते. हे मी तोवर कधी लिहून ठेवले नव्हते, म्हणून ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. नव्या वहीत पहिल्या आठवड्याची नोंद अशी आहे: ‘दोन फेऱ्या, दुसऱ्या फेरीत एकदा थांबले, वर पोहोचल्यावर बोलता येत नव्हते.’ आठव्या आठवड्यातली नोंद: ‘तीन फेऱ्या, थांबले नाही, वर पोहोचल्यावर पाणीवाल्या आजोबांशी बोलले.’ या आठ आठवड्यांत काटा अर्ध्या किलोनेही हलला नव्हता. कमरेचा घेर मात्र ९१ सेंटीमीटरवरून ८८.५ वर आला होता, आणि लग्नात घालायच्या जुन्या ब्लाउजचे वरून तिसरे हूक, जे गेली दोन वर्षे लागत नव्हते, ते विनासायास लागले. त्या दिवशी मी बराच वेळ आरशासमोर उभी होते. इतका आनंद काट्याने मला कधी दिला नव्हता.

पावलांच्या संख्येबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण मोबाइलमुळे तो आकडा आता सर्वांच्या तोंडी झाला आहे. दहा हजार पावलांचे लक्ष्य १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’ नावाच्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे रूढ झाले. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा आहे. हा आकडा वैद्यकशास्त्राने घालून दिलेला नाही. सहा हजार पावले चालणाऱ्याने सात हजारांवर जाणे ही खरीखुरी प्रगती आहे, आणि दहा हजार झाली नाहीत म्हणून दिवस वाया गेला असे मानण्याचे काहीच कारण नाही.

घराबाहेर पाऊल पडावे म्हणून

मन तयार होण्याची वाट पाहत बसू नये. माझ्या अनुभवात हुरूप व्यायामापूर्वी क्वचित येतो. तो बहुधा सुरुवातीच्या दहा मिनिटांनंतर येतो. म्हणून त्या दहा मिनिटांपर्यंत पोहोचण्याची सोय करणे, हेच खरे काम. वाईट दिवसासाठी मी स्वतःशी एक करार केला होता: बूट घालून सोसायटीच्या फाटकापर्यंत जायचे, दहा मिनिटे चालायचे, आणि तरीही नको वाटले तर परत यायचे. परत आले तरी तो खाडा मानायचा नाही. अशा दहा-बारा सकाळींपैकी मी प्रत्यक्षात दोनदाच परत फिरले.

‘उद्यापासून नक्की जाईन’ हा निश्चय टिकत नाही, कारण त्यात वेळ नसते आणि जागाही नसते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा स्वरूपात ठरवलेली गोष्ट नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पार पडते. म्हणून निश्चय असा असावा: ‘दुधाची पिशवी फ्रिजमध्ये ठेवली की मी बूट घालीन’, ‘मुलीची शाळेची बस सुटली की तिथूनच टेकडीकडे वळेन’, ‘रात्रीची भांडी आवरली की गच्चीवर पंधरा मिनिटे चालेन’. जे काम रोज न चुकता होतेच, त्याच्या शेपटाला व्यायाम बांधावा. कपडे, मोजे आणि घराची किल्ली रात्रीच एका खुर्चीवर काढून ठेवावी. पहाटे कपाट उघडून शोधाशोध करण्यातच अनेकदा विचार बदलतो.

अडचणींसाठी दुसरी तजवीज आधीच करून ठेवावी. पुण्या-मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस असणारच आहे. मग त्या दिवशी इमारतीचा जिना किती मजले चढायचा, हे मे महिन्यातच ठरलेले असावे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तिथे सूर्य वर येण्यापूर्वी चालून यावे, नाहीतर घरातच सूर्यनमस्कार घालावेत. मुंबईत लोकलने जाणाऱ्यांना सकाळी वेळच नसतो. त्यांनी परतीच्या वाटेवर रिक्षाच्या रांगेत उभे राहण्याऐवजी स्टेशनपासून घरापर्यंत चालत जाण्याचा विचार करावा.

सोबत मिळाली तर फार बरे. पर्वतीच्या पायथ्याशी सकाळी पावणेसहाला आम्ही तिघी भेटत असू. खाली कोणीतरी आपली वाट पाहत उभे आहे ही जाणीव गजराच्या घड्याळापेक्षा बलवान असते, आणि ज्या दिवशी तिघींपैकी एकीचे मन नसे, त्या दिवशी उरलेल्या दोघी तिला ओढून नेत. मात्र सोबतीण निवडताना एक पथ्य पाळावे. भेटताच ‘आज किती भरलं?’ असे विचारणारी सोबतीण या काळात नको. आम्ही तिघींनी ठरवून वजनाचा विषय वर्ज्य केला होता.

सोबत नसेल तर कानांना काम द्यावे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथरिन मिल्कमन यांच्या प्रयोगात काही लोकांना खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्यांच्या ध्वनिफिती फक्त व्यायामशाळेतच ऐकण्याची मुभा दिली होती, आणि सुरुवातीच्या काळात ते लोक इतरांपेक्षा अधिक वेळा व्यायामाला गेले. पुढे सुट्टीच्या दिवसांत खंड पडला आणि तो परिणाम ओसरला, हेही तितकेच खरे. पण अडकलेल्या दोन महिन्यांतून पार होण्यासाठी हा उपाय पुरेसा आहे. मी एक प्रवासवर्णन केवळ चढणीवर ऐकायचे असे ठरवले होते, आणि पुढे काय झाले या उत्सुकतेने मी कित्येकदा तिसरी फेरी मारली.

खाड्यांविषयी थोडे अधिक लिहिते, कारण बहुतेक जण तिथेच हरतात. एक खाडा पडला की ‘आता आठवडा गेलाच’ असे वाटते आणि सोमवारची वाट पाहिली जाते. लंडन विद्यापीठाच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी केलेला आणि २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सवयींविषयी आहे. एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम झाला नाही. मी यावरून स्वतःपुरता नियम केला: एक दिवस चुकला तर त्याची खंत करायची नाही, पण लागोपाठ दुसरा दिवस चुकू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी अगदी दहा मिनिटांचाच व्यायाम झाला तरी चालेल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर व्यायामाच्या दिवशी हळदीचे बोट उमटवायची मला सवय लागली होती. दोन कोरे चौकोन शेजारीशेजारी दिसले की मन आपोआप अस्वस्थ होई.

स्त्रियांच्या बाबतीत एक अडचण वेगळी असते, आणि ती टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. वजन उतरत असते तोवर घरातले आपल्या सकाळच्या पाऊण तासाला मान देतात. काटा थांबला की ‘आता काही फरक पडत नाही ना, मग डबा तरी वेळेवर होऊ दे’ असा सूर लागतो, आणि तो सूर आपल्यालाही खरा वाटू लागतो. घरच्यांना अशा वेळी आकड्याने पटवू जाऊ नये. रक्तदाब, साखर, गुडघे, झोप यांविषयी सांगावे, आणि तो पाऊण तास औषधाच्या वेळेइतकाच ठरलेला आहे, असे शांतपणे पण ठामपणे सांगावे. माझ्या घरी आता भाजी मी रात्रीच चिरून ठेवते आणि सकाळचा चहा व पोळ्यांची कणीक यजमानांकडे आहे. हे सहज घडले नाही. पण घडल्यावर त्यात कोणाचे काही बिघडलेही नाही.

व्यायामात बदल

तोच रस्ता, तोच वेग, तोच वेळ असे महिनोन्महिने चालले की शरीर त्या कामाला सरावते आणि मनही कंटाळते. वजन अडकणे ही व्यायाम बदलण्याची चांगली संधी आहे. माझे आग्रहाचे सांगणे असे की या टप्प्यावर चालण्याच्या जोडीला बळाचा व्यायाम घ्यावा. वजन उतरताना चरबीबरोबर थोडे स्नायूही झिजतात, आणि चाळिशीनंतर ते वयामुळेही झिजत असतात. स्नायूंना काम दिले तर ते टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालींबरोबरच, निदान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितलेला आहे. चालणारे लोक हा दुसरा भाग बहुधा सोडूनच देतात.

यासाठी जिमच हवी असे नाही. आपल्या तालमींत जोर आणि बैठका पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. नवख्याने जोर भिंतीला हात टेकून सुरू करावेत, ते सोपे झाले की ओट्याला टेकून आणि मग जमिनीवर काढावेत. बैठका खुर्चीवर बसण्या-उठण्यापासून सुरू कराव्यात. पाण्याने भरलेल्या दोन लिटरच्या बाटल्या हे उचलायला पुरेसे वजन आहे. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या संस्थानात शाळांतूनही नमस्कार घातले जात. तीच परंपरा घरातल्या सतरंजीवर चालवता येते. सुरुवातीला सहा नमस्कार संथपणे घालावेत आणि दर आठवड्याला दोन वाढवावेत. आकडा वाढता असला की मनाला एक लक्ष्य मिळते, आणि हे लक्ष्य काट्यासारखे लहरी नसते. आज दहा जोर काढता आले तर ते दहाच असतात. कालच्या पापडाने त्यात फरक पडत नाही.

बळाचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा थोडा वर जाऊ शकतो, कारण कामाला लागलेल्या स्नायूंत पाणी साठते. हे आधीच माहीत नसेल तर माणूस घाबरून सोडून देतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. काटा हलत नाही म्हणून चिडून व्यायाम दुप्पट करू नये आणि जेवण निम्म्यावर आणू नये. अशाने थकवा येतो, भूक अनावर होते, उरलेल्या दिवसभरात माणूस आपोआप कमी हलतो आणि गुडघा किंवा टाच दुखावली तर महिनाभर घरी बसावे लागते. व्यायाम ही शिक्षा झाली की मन तिच्यापासून पळणारच. आहाराकडे पाहायचे असेल तर कडक उपासाऐवजी मोजमापाकडे पाहावे. पाच महिन्यांत फोडणीचे तेल नकळत वाढलेले असते. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० कॅलरी असतात. भाजीवर भुरभुरलेला दाण्याचा कूट, चहासोबतची दोन बिस्किटे, उपासाची साबुदाण्याची खिचडी हीही त्यातलीच. आठवडाभर फक्त लिहून ठेवावे, एवढ्यानेच बरेच उमगते. झोप सहा तासांहून कमी होत असेल, तर व्यायाम वाढवण्याआधी झोप वाढवावी.

काही वेळा प्रश्न हुरूपाचा नसतोच. सतत थकवा, केस गळणे, थंडी सहन न होणे, पाळी अनियमित होणे अशी लक्षणे असतील, तर थायरॉइडची आणि इतर तपासणी करून घ्यावी. स्टेरॉइड, इन्शुलिन आणि मनोविकारांवरील काही औषधे यांमुळेही वजन उतरणे अवघड होते. अशा वेळी औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी व्यायामाचा जोर वाढवण्यापूर्वी त्यांना विचारावे, आणि चढताना छातीत दडपण आले, भोवळ आली किंवा डाव्या हातात कळ गेली, तर तिथेच थांबून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.

राहता राहिला प्रश्न काट्याचा. ज्यांना रोजचा आकडा शांतपणे पाहता येतो, त्यांनी रोज वजन करावे आणि आठवड्याची सरासरी काढावी. त्यातून उतरलेले वजन परत येऊ लागले तर वेळीच कळते. ज्यांची सकाळ त्या आकड्यावर ठरते, त्यांनी काटा नजरेआड ठेवावा. माझा काटा दहाव्या आठवड्यात मी माळ्यावर ठेवला. दर महिन्याच्या पहिल्या तीन सकाळी यजमान तो खाली काढून देतात, मी तीन आकडे लिहून त्यांची सरासरी काढते आणि तो पुन्हा वर जातो. मागच्या महिन्याची सरासरी ६८.१ होती, त्याआधीची ६८.३. कमरेचा घेर ८५ सेंटीमीटर आहे, म्हणजे अजून पाच सेंटीमीटर बाकी आहेत. पर्वतीच्या सध्या चार फेऱ्या होतात. चौथीत एकदा थांबावे लागते.